परसदाराची वाट

चाकण म्हटले की आम्हा मराठीच्या मास्तरांना पहिल्याने आठवतो तो संग्रामदुर्ग, आणि १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने झुंजविणारा फिरंगोजी नरसाळा. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र चाकण म्हटले की आठवते ती नोकरी. त्यांचेही चुकत नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांची रांग भोसरी-मोशी ओलांडून, इंद्रायणीचा पूल मागे टाकून थेट चाकणला जाऊन भिडली. या रांगेत मोठ्या नावांच्या कंपन्या आहेत, आणि त्या कंपन्यांना कुठे ब्रॅकेट, कुठे पिन, कुठे बुश पुरविणारे असंख्य छोटे गाळेवालेही आहेत. माझे थोरले मेहुणे त्यांपैकीच एक. भोसरीत त्यांचे दोन गाळे आहेत. एक जुना, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून घेतलेला एक नवा.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. शुक्रवार होता. दुपारचा तास संपवून मी नुकताच घरी येऊन चहाचा पेला हातात घेतला होता, इतक्यात ताईचा फोन आला.

"अरे, तू जरा गाळ्यावर जाऊन ये. सकाळपासून हे जेवलेले नाहीत. सर्व्हर की काय तो बंद पडलाय, आणि त्या पोराला यांनी घरी पाठवून दिलंय. तू गेलास तर निदान तुझ्यासमोर आवाज चढवायचे नाहीत."

सर्व्हरविषयीचे माझे ज्ञान म्हणाल तर तो एक मोठा संगणक असतो आणि तो बंद पडला की बँकेतला कारकून आपल्याला "उद्या या" म्हणतो, एवढेच. पण ताईचा शब्द मोडवेना. शिवाय चिरंजीव भाचे हिंजवडीहून निघाले आहेत असे कळले. चहा तसाच टाकून मी निघालो.

गाळ्यावर पोचलो तो दाराशी टेम्पो उभा. ड्रायव्हर हौद्याला टेकून बिडी ओढीत होता. आत क्रेट भरून तयार होते. माल तयार, गाडी तयार, आणि तरी गाडी हलत नव्हती. का, तर क्रेटवर लावायची लेबले छापून येत नव्हती.

हा प्रकार मला भावोजींनी समजावून सांगितला. चाकणची कंपनी माल साठवून ठेवीत नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी, जवळजवळ ज्या तासाला लागेल त्या तासाला तिला तो दारात हवा असतो. माल निघण्यापूर्वी इंटरनेटवरून कंपनीला आगाऊ वर्दी द्यायची. ती पोचली की एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक असलेले लेबल छापून प्रत्येक क्रेटला चिकटवायचे. लेबल नाही तर माल फाटकातून आत नाही. आणि मालावाचून तिकडची लाइन थांबली तर त्याचे बिल इकडे. लेबलांचा छापखाना नव्या गाळ्यात, आणि छापायचे काय ते सांगणारा सर्व्हर जुन्या गाळ्यातल्या काचेच्या खोलीत.

"आणि काल त्या शहाण्यानं त्याला हात लावला," भावोजी म्हणाले.

तो 'शहाणा' म्हणजे आयटीआय झालेला बीडकडचा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. गुरुवारी भोसरीतल्या कारखान्यांना सुट्टी असते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळी झाडझूड काढली होती. या मुलाने लेथ पुसले, प्रेस पुसले, आणि काचेच्या खोलीतल्या सर्व्हरच्या कपाटात साचलेली धूळ पाहून सर्व्हर रीतसर बंद केला, तारा काढल्या, ब्लोअर मारला, तारा पुन्हा बसविल्या आणि सर्व्हर चालू केला. शुक्रवारी सकाळी पाहतात तो नवा गाळा मुका! ऑफिस ठीक, जुन्या गाळ्यातली यंत्रे ठीक, फक्त नव्या गाळ्यातून सर्व्हरला हाक मारली की उत्तर नाही. मग काय, तारा उलटसुलट लावल्या, दुसरे काय असणार! मुलगा काहीतरी सांगू पाहत होता म्हणे. पण टेम्पो दारात उभा असताना ऐकून घ्यायला वेळ कुणाला? "उद्यापासून येऊ नकोस," असे सांगून त्याला वाटेला लावले.

यानंतर भावोजींनी स्वतः बाह्या सरसावल्या. एका ओळखीच्या गृहस्थाने फोनवरून सल्ला दिला, की दुसऱ्या कार्डाच्या रकान्यात 'गेटवे' कोरा आहे तो भरा. त्यांनी भरला. पडद्यावर एक सूचना आली, ती न वाचता त्यांनी 'होय' दाबले, आणि काय आश्चर्य, नव्या गाळ्यात लेबले छापून येऊ लागली! पेढे मागवायचेच बाकी होते. पण पुढच्या खेपेची वर्दी चाकणला जाईना. सर्व्हरचे इंटरनेट गेले होते. रकाना कोरा केला, इंटरनेट आले, नवा गाळा गेला. म्हणजे एकाला बोलते करावे तर दुसरा मुका! एक टेम्पो त्यांनी तशाही स्थितीत काढला: वर्दी द्यायची, रकाना भरायचा, लेबले छापायची, रकाना कोरा करायचा. पण दुसऱ्या खेपेला घाईत एक आकडा चुकला, आणि जुन्या गाळ्यातली यंत्रेही सर्व्हरला ओळखीनाशी झाली. तेव्हा कुठे त्यांनी मुलाला फोन केला.

सहाच्या सुमारास भाचा आला. हा सर्व्हर वर्षापूर्वी त्यानेच मांडून दिला होता. आल्या आल्या त्याने एक कोरी वही माझ्या हातात दिली.

"मामा, तुम्ही फक्त लिहा. मी काय बघतो ते लिहा. मला काय वाटतं ते लिहू नका."

व्याकरणाच्या मास्तरालासुद्धा हा नियम नवा होता. मी मुकाट्याने टोपण काढले.

पहिल्याने त्याने चुकलेला आकडा दुरुस्त केला, रकाना कोरा केला आणि शुक्रवारी सकाळी होती तीच स्थिती परत आणली. "दुखणं जसं होतं तसं आधी दिसलं पाहिजे," तो म्हणाला, "औषधांनीच वाढलेलं दुखणं कुणाला ओळखता येत नाही."

मग त्याने मला या घराची रचना सांगितली. वाचकांनाही ती थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे रहस्य तिच्यात आहे.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे होती, म्हणजे वाड्याला दोन दारे. पुढच्या दाराने ऑफिस आणि इंटरनेट. परसदाराने कारखान्यातली यंत्रे. यंत्रांची संगणकप्रणाली जुनी असते, तिला जगाची हवा लागू द्यायची नसते. म्हणून ही दोन दारे वेगळी. प्रत्येक दाराला आपापला पत्ता. पुढच्या दाराचा १९२.१६८.१.१०, परसदाराचा १९२.१६८.५०.१०. यातले पहिले तीन आकडे म्हणजे पेठेचे नाव आणि शेवटचा घराचा नंबर. (१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ मधल्या एका ठरावाने खाजगी वापरासाठीच राखून ठेवले आहेत. तुमच्या-आमच्या घरातही बहुधा तेच असतात. गावाबाहेर, म्हणजे इंटरनेटवर, त्यांना कोणी विचारीत नाही.) नव्या गाळ्याची पेठ तिसरीच, साठ नंबरची. परसदाराने निघून पन्नास नंबरच्या पेठेच्या वेशीतून पलीकडे गेले की ती लागते.

ही वेस म्हणजेच 'गेटवे'. आपल्याच पेठेतल्या घरी जायला वेस ओलांडावी लागत नाही. परक्या पेठेत जायचे तर कोणत्या वेशीतून जायचे, ते संगणकाच्या पोटातल्या एका कोष्टकात लिहिलेले असते. ज्या पेठेची नोंद कोष्टकात आहे तिकडे त्या नोंदीप्रमाणे. ज्यांची नोंद नाही त्या साऱ्या दुनियेसाठी एक सर्वसाधारण वेस. ही सर्वसाधारण वेस एकच असावी आणि ती पुढच्या दाराला असावी, हा सरळ कायदा.

आता तपास सुरू झाला. सर्वप्रथम तारा. सर्व्हरच्या पाठीवर दोन एकसारखी भोके. पडद्यावर त्यांची नावे 'इथरनेट' आणि 'इथरनेट २'. कुठले नाव कुठल्या भोकाचे हे दिसून कळत नाही. भाच्याने एक तार उपटली आणि पडद्यावर कोणत्या नावापुढे फुली येते ते पाहिले. मग दुसरी. तारा बरोबर होत्या. आणि ती दुसरी तार हातात असतानाच तो थबकला.

"मामा, हे काय आहे?"

तारेच्या टोकाशी देवपूजेतल्या नाड्याचा तांबडा-पिवळा दोरा बांधलेला होता. दोन गाठी. पहिल्या तारेला पाहिले तर एक गाठ. आणि कपाटाच्या पत्र्यावर, भोकांच्या शेजारी, खडूने एक रेघ आणि दोन रेघा.

तारा काढण्यापूर्वी त्या मुलाने खुणा केल्या होत्या. सकाळी तो हेच सांगत होता. भावोजी काहीच बोलले नाहीत. मी वहीत लिहिले: 'तारा बरोबर. खुणा आहेत.'

दुसरी परीक्षा हाकेची. तिला 'पिंग' म्हणतात. अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनारच्या नादावरून त्याला हे नाव दिले. हाक मारायची, प्रतिध्वनी येतो का ऐकायचे. सर्व्हरवरून परसदाराच्या वेशीला हाक मारली, उत्तर आले. नव्या गाळ्यात जाऊन तिथून सर्व्हरला हाक मारली, शांतता.

"म्हणजे हाक पोचत नाही," मी म्हणालो.

"असं आपण म्हणतो," भाचा हसला. "पण उत्तर आलं नाही एवढंच आपल्याला ठाऊक आहे. हाक पोचली नाही, की पोचली आणि उत्तर परतलं नाही? या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात."

पंचवीस वर्षे वर्गात प्रश्न विचारून गप्प बसलेल्या पोरांना 'ठोंबे' म्हणणाऱ्या माणसाला हे वाक्य फार लागले, हे इथे कबूल करतो.

सर्व्हरला येणारे-जाणारे पाकीट न् पाकीट दाखविणारा एक प्रोग्राम त्याने लावला आणि मला नव्या गाळ्यातून पुन्हा हाक मारायला पाठविले. परत येऊन पाहतो तो पडद्यावर माझ्या हाकेच्या ओळी स्वच्छ उमटलेल्या! एक, दोन, तीन, चार. हाक परसदारापर्यंत पोचत होती. उत्तराची मात्र एकही ओळ नव्हती. दारावर पहारा करणारी 'फायरवॉल' कधीकधी मुद्दाम उत्तर देऊ देत नाही, म्हणून त्याने तीही तपासली. तिचा परवाना जागेवर होता.

मग त्याने उलटी परीक्षा केली. सर्व्हरवरून नव्या गाळ्याकडे निघालेले पाकीट वाटेत कुठेकुठे थांबते ते दाखविणारी आज्ञा दिली. पहिल्याच मुक्कामाचे नाव आले: १९२.१६८.१.१. ती तर ऑफिसची वेस! परसदारापलीकडच्या घरी जायला निघालेला माणूस पुढच्या दाराने बाहेर पडून भर बाजारात हरवत होता.

"कोष्टक," भाचा पुटपुटला आणि त्याने ते पडद्यावर आणले. मी ओळी मोजल्या. पेठ एक, पेठ पन्नास, सर्वसाधारण वेस. साठ नंबरच्या पेठेची ओळच नव्हती.

आता सारे उलगडले. ऑक्टोबर १९८९ मध्ये इंटरनेटच्या जाणत्या मंडळींनी संगणकांच्या वागणुकीचे नियम एकत्र केले, तेव्हा एकाहून अधिक दारे असलेल्या संगणकाचा त्यांनी वेगळा विचार केला होता. आलेल्या हाकेचे उत्तर त्याच दाराने द्यावे की कोणत्याही दाराने दिले तरी चालेल? दोन्ही मते त्यांनी मांडली आणि निवाडा ज्याच्या त्याच्यावर सोडला. लिनक्स सहसा दुसऱ्या मताने चालते; तिथे उत्तर पुढच्या दाराने बाहेर पडून हरवले असते. विंडोज मात्र २००७ च्या व्हिस्टापासून पहिल्या मताची आहे. ज्या दाराच्या पत्त्यावर हाक आली त्याच दाराने उत्तर. आणि त्या दाराला साठ नंबरच्या पेठेची वाटच लिहिलेली नव्हती. सर्व्हर बहिरा नव्हता. त्याने हाक ऐकली होती, उत्तरही त्याच्यापाशी होते. ते उत्तर न्यायला वाट नव्हती, इतकेच.

भावोजींनी परसदाराला सर्वसाधारण वेस दिली तेव्हा नव्या गाळ्याला उत्तर मिळाले खरे. पण आता सर्वसाधारण वेशी दोन झाल्या. दोहोंतून निवड करताना विंडोज आपण होऊन वेगवान कार्डाला झुकते माप देते. परसदाराचे कार्ड नवे आणि दसपट वेगाचे. म्हणून चाकणची वर्दीही परसदाराने निघाली आणि यंत्रांच्या गल्लीत फिरत बसली. दोन वेगळ्या जाळ्यांवर दोन सर्वसाधारण वेशी चालायच्या नाहीत, हेच ती न वाचलेली सूचना सांगत होती! तुमच्या लॅपटॉपलाही एक तारेचे आणि एक बिनतारी अशी दोन दारे असतात. तार लावताच कधी इंटरनेट गेले तर हाच हिशेब आठवावा.

"पण मग वर्षभर कसं चाललं?" भावोजींनी विचारले. "काल त्यानं बंद करेपर्यंत चालतच होतं ना?"

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. भाच्याने खुर्ची वळविली.

"बाबा, त्या पेठेची ओळ वर्षापूर्वी मीच लिहिली होती. ती लिहिताना आज्ञेत 'पी' हे एक अक्षर घालावं लागतं. ते घातलं तर ओळ कायमची राहते. नाही घातलं तर सर्व्हर चालू आहे तोवरच टिकते. मी ते अक्षर घातलं नव्हतं. वर्षभर सर्व्हर एकदाही बंद झाला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. काल त्यानं नीट बंद केला, नीट चालू केला. त्याच्या जागी कुणीही असता, तरी हेच झालं असतं. चूक माझी आहे."

नारायणराव पेशव्यांच्या वधाची, ३० ऑगस्ट १७७३ ची, गोष्ट सांगताना 'ध'चा 'मा' कसा झाला हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. ती आख्यायिका खरी असो वा नसो, एका अक्षराने माणूस जातो एवढे तिच्यातून पोरांना कळते. इथे तर अक्षर बदललेही नव्हते, नुसते राहून गेले होते. आणि एका पोराची नोकरी गेली होती.

पुढचे काम पाच मिनिटांचे होते. सर्वसाधारण वेस पुढच्या दाराला एकच ठेवली. परसदाराचा रकाना कोरा. साठ नंबरच्या पेठेची ओळ 'पी'सकट लिहिली. नव्या गाळ्यातून छापखान्याची खरखर ऐकू आली, चाकणला वर्दी गेली, आणि साडेआठला टेम्पो नाशिक रस्त्याला लागला. पोचायला किती उशीर झाला ते विचारू नका; त्या रस्त्यावर संध्याकाळी काय होते ते सर्वांना माहीत आहे. बिलही आले. ते भावोजींनी भरले.

मी वहीचे पान फाडून स्वच्छ अक्षरात उतरवले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. ते आजही तिथे आहे:

'१. तार काढण्यापूर्वी खूण करावी.
२. सर्वसाधारण वेस एकच, पुढच्या दाराला.
३. परसदारापलीकडच्या प्रत्येक पेठेची वाट कोष्टकात कायमची लिहावी.
४. उत्तर आले नाही म्हणजे हाक पोचली नाही, असे समजू नये.'

चौथा नियम लिहिताना मी कोणाकडेच पाहिले नाही. पण टेम्पो गेल्यावर भावोजींनी स्कूटरची किल्ली उचलली आणि जेवायला घरी न जाता ते वस्तीकडे गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, विचारलेही नाही. भाचा मात्र त्यांच्या मागोमाग गेला, एवढे पाहिले.

खंडेनवमीला आम्हा उभयतांना बोलावणे होते. लेथला हळदकुंकू, प्रेसला झेंडूची माळ, आणि काचेच्या खोलीतल्या सर्व्हरलाही एक माळ. पूजा झाल्यावर भावोजी म्हणाले, "आता हा बंद करून पुन्हा चालू करायचा." सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न. पण भाच्याने मान डोलावली. दुरुस्ती खरी की खोटी ते पुन्हा चालू केल्यावाचून कळत नाही, हे त्या शुक्रवारने आम्हा सर्वांना शिकविले होते.

"तू कर," भावोजी त्या बीडच्या मुलाला म्हणाले.

त्याने तो रीतसर बंद केला. मिनिटभर थांबून पुन्हा चालू केला. आम्ही पंधरावीस माणसे नव्या गाळ्यात छापखान्याभोवती, लग्नात अंतरपाट दूर होण्याची वाट पाहावी तशी उभी. पडदा उजळला. त्याने आतून हाक दिली. खरखर झाली, आणि एक लेबल बाहेर आले.

भावोजींनी नारळ उचलला आणि फोडण्यासाठी त्याच्या हातात दिला.